दिवाबत्तीची आठ गावे

वाशिष्ठी समुद्रास मिळते त्या मुखाच्या उत्तर तीरावर, दाभोळच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर, माडांच्या दाटीत एक काळवंडलेली दगडी मशीद उभी आहे. तिचे विधान विजापूरच्या जामा मशिदीच्या धर्तीचे, लांबी-रुंदी सुमारे ६३ व ५४ फूट, मिनारांच्या मधोमध उठलेला घुमट सुमारे ७५ फूट उंच. आणि आज तिच्याभोवती गवत, शेवाळ आणि खाडीचा खारा वारा यांचेच राज्य असले, तरी ज्या काळी ती उभी राहिली त्या काळी आदिलशाहीचे हे पहिल्या प्रतीचे बंदर होते, ही गोष्ट तिच्या पायऱ्यांवर क्षणभर बसले तरी मनास पटते. गावात तिची उत्पत्तिकथा अशी सांगतात की, विजापूरच्या राजकुळातील आयेषा बीबी नावाची शाहजादी १६५९ च्या सुमारास मोठ्या लवाजम्यानिशी मक्केस जाण्यासाठी येथे आली, परंतु समुद्रमार्ग निर्धोक नसल्याची वार्ता ऐकून तिने यात्रा रहित केली आणि यात्रेसाठी काढलेले द्रव्य परत नेणे अनुचित समजून मौलवींच्या सल्ल्याने ते या वास्तूस लावले; खर्च १५ लक्ष रुपये झाला आणि कामिलखानाने काम तडीस नेले, असेही म्हणतात. कथा सुंदर आहे. परंतु माझे मन तिच्यापेक्षा १८८० च्या रत्नागिरी जिल्हा-गॅझेटियराने जाता जाता नोंदलेल्या एका मजकुरावर खिळते: मशिदीच्या योगक्षेमासाठी भोपण, इसापूर, चिवेली, तिसंगी आदिकरून आठ गावे इनाम दिलेली होती, आणि ते इनाम शिवाजी महाराजांच्या काळापर्यंत चालले.

आठ गावे इनाम दिली म्हणजे नेमके काय झाले? आजच्या वाचकास असे वाटण्याचा संभव आहे की, त्या आठ गावांचा कर माफ झाला व तेथील कुणबी सुखी झाला. तसे काहीच घडले नाही. भोपणचा शेतकरी वरकस जमिनीत नाचणी पेरीत होता तशीच पेरीत राहिला, आणि पीक हाती आल्यावर जो हिस्सा पूर्वी दिवाणात भरीत होता तोच हिस्सा आता मशिदीच्या मुतवल्लीस, म्हणजे व्यवस्थापकास, भरू लागला. माफी मिळाली ती मशिदीस, रयतेस नव्हे. दिवाणाने आपला घेण्याचा हक्क सोडला आणि तो दुसऱ्याच्या पदरात घातला, एवढेच. म्हणूनच जुन्या दफ्तरात अशा गावास 'करमुक्त' म्हणत नाहीत, 'दुमाला' म्हणतात. खालसा गाव म्हणजे ज्याचा वसूल सरकारात येतो ते, आणि दुमाला म्हणजे ज्याचा वसूल सरकारने दुसऱ्याच्या हवाली केला ते. या एका शब्दात जेवढा अर्थशास्त्राचा विवेक साठविलेला आहे तेवढा आपल्या अलीकडच्या 'करसवलत' या गुळगुळीत शब्दात नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मराठी सनदांचा मसुदा ज्याने एकदा तरी सावकाश वाचला असेल, त्यास या व्यवहारातील काटेकोरपणा जाणवल्यावाचून राहत नाही. गाव इनाम देताना ते 'कुलबाब कुलकानू, हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी' यांसह, म्हणजे आजचे सर्व कर आणि पुढे बसतील तेही सर्व कर धरून, द्यावयाचे. 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप' यांसह, म्हणजे विहिरीच्या पाण्यापासून भूमीत पुरलेल्या हंड्यापर्यंत. परंतु 'खेरीज हक्कदार व इनामदार करून', म्हणजे त्या गावात आधीपासून ज्यांचे हक्क चालत आले असतील त्यांस धक्का न लावता. शेवटी कमाविसदारास ताकीद असे की, प्रतिवर्षी ताज्या सनदेचा उजूर न करणे, आणि या पत्राची प्रत लिहून घेऊन अस्सल पत्र भोगवट्यास परत देणे. तो अस्सल कागद मेणकापडात गुंडाळून, लाकडी पेटीत, देवघराच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या जपला जाई. कारण माफी ही स्मरणावर चालत नाही, कागदावर चालते. आणि त्या कागदात कारणही लिहिलेले असे: दिवाबत्ती, नैवेद्य, नंदादीप, पूजा, अन्नछत्र, वेदाध्ययन, फकिराची खैरात. ज्या कार्यासाठी राजाने आपला हात आखडता घेतला ते कार्य नाव घेऊन सांगितलेले असे. मला या संपूर्ण विषयाचे मर्म त्या एका ओळीत आहे असे वाटते, आणि दाभोळच्या इतिहासात मी तीच ओळ शोधीत आलो आहे.

ही लेखनपरंपरा मुसलमानी अमलात जन्मली असे समजणे मात्र चूक होईल. शब्द फारसी झाले, कल्पना या भूमीत फार पुरातन आहे. अशोकाने आपल्या राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी लुंबिनीस जाऊन तेथे स्तंभ उभारला व ते गाव 'उबलिक' म्हणजे बलीच्या देण्यातून मुक्त केले, परंतु भूमीच्या उत्पन्नाचा आठवा भाग मात्र त्याने शिल्लक ठेवला. म्हणजे माफी कोठपर्यंत आणि देणे कोठपासून, याची सीमारेषा बुद्धाच्या जन्मस्थळीसुद्धा आखलेली होती. आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण त्याहून अधिक बोलके आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीच्या अठराव्या राज्यवर्षीचा जो लेख कोरलेला आहे, त्यात त्रिरश्मी डोंगरावरील भिक्षूंना २०० निवर्तने शेत देताना राजाने त्या शेतास लाभणारे परिहार एकेका शब्दात गणले आहेत: ते 'अपावेस' असावे, म्हणजे राजपुरुषांनी त्यात पाऊल टाकू नये, 'अनोमस' असावे, म्हणजे कोणी त्यास हात लावू नये, 'अलोणखादक' असावे, म्हणजे मिठासाठी कोणी ते खणू नये, प्रांताच्या अधिकाऱ्याने त्यात हस्तक्षेप करू नये, आणि सर्व जातीचे परिहार त्यास असावेत. सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी खडकात कोरलेले हे प्राकृत शब्द वाचताना मला दर वेळी विस्मय वाटतो तो 'अपावेस' या पहिल्या शब्दाचा. त्या काळच्या प्रजेस कराची रक्कम जेवढी जाचत असे त्याहून कर वसूल करण्यास येणारा मनुष्य अधिक जाचत असे, आणि त्याचे न येणे हीच माफीची पहिली पायरी होती.

परंतु दाभोळ हे शेतीचे गाव नव्हे, बंदर. आणि बंदराची माफी वेगळ्या जातीची असते. गावच्या इनामात भूमी स्थिर असते व हक्क फिरतो. बंदरात मालच फिरता, म्हणून माफी कागदाच्या एका चिटोऱ्यावर मालाबरोबर फिरावी लागते. त्या चिटोऱ्याचे नाव दस्तक. अफनासी निकीतिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात बहमनी मुलुखात हिंडून परतताना याच बंदरात गलबतावर चढला. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज प्रवासी बार्बोसाने येथे घोडे, तांबे, पारा, हिंगूळ आणि कापड यांचा मोठा उदीम वर्णिला. आणि वर घाटावरून बैलांच्या पाठीवर आलेला माल खाडीच्या वाटेने येथे उतरे. एवढ्या उलाढालीवर बसणारी जकात ही आदिलशाहीची मोठी प्राप्ती होती, आणि म्हणूनच तिच्यातून कोणास सूट मिळते हा केवळ हिशेबाचा नव्हे, राज्यसत्तेचा प्रश्न होता. पोर्तुगीजांनी १५०८ च्या अखेरीस, त्यांचा व्हाइसरॉय आल्मेदा याच्या सरदारीखाली, दाभोळ जाळून उद्ध्वस्त केले. परंतु समुद्रावर त्यांनी जे केले ते आगीहून अधिक परिणामकारक होते. समुद्र आमचा, आमचे 'कार्ताझ' नावाचे दस्तक घेतल्यावाचून कोणी गलबत हाकारू नये, असा त्यांनी दंडक घातला आणि मैत्रीतल्या राजांना त्यांतील काही दस्तके विनाशुल्क देऊ लागले. ज्या आदिलशहाने आजवर इतरांस जकातमाफी दिली, त्याच्याच जहाजांनी आपल्याच बंदरातून निघण्यासाठी परक्याची माफी हाती धरावी, ही अवस्था एका पिढीत आली. माफी देण्याचा अधिकार ज्याचा, राज्य त्याचे. हे सूत्र दाभोळने फार लवकर अनुभवले.

पुढे हेच सूत्र बंगालने सर्वनाशापर्यंत अनुभवले. १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियर याने इंग्रजांच्या कंपनीस वार्षिक ३,००० रुपयांच्या मोबदल्यात बंगालमध्ये जकातीवाचून व्यापार करण्याचे फर्मान दिले. फर्मान कंपनीस होते, परंतु कंपनीचे नोकर आपल्या खासगी मालावरही तीच दस्तके चालवू लागले, आणि ती देशी व्यापाऱ्यांसही विकू लागले. देशातला प्रामाणिक व्यापारी जकात भरून बुडू लागला आणि न भरणारा गोरा गबर होऊ लागला. बंगालचा नवाब मीर कासीम याने तक्रारी करून पाहिल्या, आणि अखेरीस १७६३ मध्ये त्याने सर्वांचीच जकात उठवून टाकली. एकास सूट म्हणजे दुसऱ्यास दंड, तर मग सर्वांसच सूट, या न्यायबुद्धीच्या निर्णयावर कंपनी संतापून युद्धास उभी राहिली. कारण तिला माफी हवी नव्हती, इतरांस नसलेली माफी हवी होती. या दोहोंतील अंतर ज्यास कळले त्यास या विषयाचा निम्मा भाग कळला.

आता पुन्हा दाभोळकडे. ते शिवाजी महाराजांनी १६६० च्या सुमारास घेतले. मशिदीच्या बांधणीचा परंपरेने सांगितलेला काल आणि आठ गावांचे इनाम शिवकालापर्यंत चालल्याची नोंद, ही दोन्ही खरी मानली तर त्या इनामाची मुदत फारच अल्प ठरते. म्हणजे घुमटावरचा चुना पुरता वाळतो न वाळतो तोच त्याच्या देखभालीची तजवीज अनामत, म्हणजे सरकारजमा, झाली असावी. येथे उतावीळपणाने धर्माचा अर्थ लावण्याचा मोह टाळला पाहिजे. जिंजीस बसून बखर लिहिणाऱ्या सभासदाने स्वच्छ नोंदले आहे की, महाराजांनी देवस्थानांप्रमाणेच पीर व मशिदी यांचीही दिवाबत्ती स्थानाची योग्यता पाहून चालविली; आणि दाभोळपासून फार दूर नसलेल्या केळशीच्या बाबा याकूत यांच्या स्थानास त्यांनी इनाम दिल्याची परंपरा प्रसिद्ध आहे. उलट बाजूने पाहावे, तर याच खाडीच्या वरच्या अंगास, चिपळूणजवळच्या परशुराम देवस्थानाकडे पेढे व आंबडस ही गावे जंजिऱ्याच्या सिद्दीकडून आल्याचे सांगतात. आणि ज्या सिद्दीच्या घराण्याने ती दिली त्याच सिद्दीच्या अंजनवेलीच्या अंमलदाराने, सिद्दी साताने, १७२७ मध्ये ते देवालय लुटले. म्हणजे इनामाचा कागद धर्म पाहून लिहिला जात नसे आणि धर्म पाहून फाडलाही जात नसे. महाराजांचा आक्षेप दिव्यास नव्हता, गावास होता. देवस्थानास तेल, तांदूळ, रोख नेमणूक सरकारातून द्यावी, पण सबंध गावाचा वसूल कायमचा तोडून देऊ नये, या धोरणाचा पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात विस्तार झालेला दिसतो: भूमिदान पुण्यकारक खरे, परंतु राज्य म्हणजेच भूमी, ती वाटीत गेल्यास राज्यच वाटले जाते. खुद्द दाभोळच्या देशमुखीवर शिर्क्यांचा दावा होता, आणि महाराजांचे जावई गणोजी शिर्के यांना राजकुंवरबाईंस पुत्र झाल्यावर ती देण्याचे आश्वासन मिळाल्याचे प्रसिद्ध आहे. मुलगी दिली त्या घरासदेखील वतन एकदम न देता ते भविष्यकाळात ढकलण्यात जी सावधगिरी आहे, तीच या धोरणाचा आत्मा होय.

महाराजांचे १६७१ चे एक पत्र येथे आठवते. कुडाळच्या सरसुभेदारास, नरहरी आनंदराव यांस, त्यात आज्ञा आहे की बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवावी. नाही तर ते स्वस्त मीठ घाटावर जाऊन आपल्या मुलुखातील संगमेश्वराकडच्या मिठाचा व्यापार बसेल. सूट देणे आणि जकात वाढविणे ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत, हे इतक्या थोड्या शब्दांत सांगणारा दुसरा कागद माझ्या वाचनात नाही.

कोकणात आणखी एक माफी होती, आणि ती मला सर्वांत निर्मळ वाटते. खाडीकाठच्या खाजणात, जेथे भरतीचे खारे पाणी शिरते, तेथे बांध घालून जमीन उठविणाऱ्यास सरकार काही वर्षे सारा माफ करी आणि मग हळूहळू चढता सारा लावी. या चढत्या साऱ्याच्या कौलास इस्तावा म्हणत. पहिल्या वर्षी बांध फुटतो, दुसऱ्या वर्षी जमिनीतला खार जात नाही, तिसऱ्या वर्षी भाताची लोंब पोचट निघते. ज्याने चिखलात कंबरेइतके उभे राहून ही वर्षे काढली त्याच्याकडून त्या वर्षांचा सारा मागणे अन्याय आहे, हे जाणणारा कारकून कधीकाळी या दफ्तरात बसला होता. पेठ नव्याने वसविणाऱ्या वाण्यास पेशवे जकातमाफीचा कौल देत तोही याच जातीचा. ही माफी मुदतीची असते. ती कोणाच्या वंशास चिकटत नाही.

इंग्रजी अंमल १८१८ मध्ये आला, आणि नव्या सरकारास प्रथम जे दिसले ते हे की, महसुलाचा मोठा हिस्सा दुमाल्यात गेलेला आहे. घाटावर १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने सनदांची चौकशी आरंभली. हजारो घरांतून त्या मेणकापडातल्या पेट्या उघडल्या, कागद कचेरीत गेले, आणि ज्यांची सनद वाळवीने खाल्ली होती किंवा ज्यांचा भोगवटा होता पण कागद नव्हता, त्यांची इनामे गेली. १८५७ च्या असंतोषात दक्षिणेतल्या घराण्यांचा जो भाग होता त्याच्या मुळाशी ही चौकशी होती, हे इंग्रजांनीही ओळखले, आणि १८६३ मध्ये सारामाफीविषयीचे दोन कायदे करून त्यांनी तडजोड काढली: पुराव्याच्या खोलात न शिरता इनामदाराने थोडी जुडी, म्हणजे नाममात्र सारा, व नजराणा भरावा आणि इनाम कायमचे मान्य व्हावे. ही तडजोड सरकारास सोयीची झाली खरी, परंतु तिच्यामुळे एक गोष्ट हरवली. पूर्वी माफीस कार्याचे बंधन होते. आता ती जमिनीचा एक गुणधर्म झाली. दिवा लागतो की नाही हे विचारणारा कोणी उरला नाही, जुडी भरली की नाही एवढेच विचारले जाऊ लागले. स्वातंत्र्यानंतर खोती १९४९ च्या कायद्याने आणि व्यक्तिगत इनामे १९५२ च्या कायद्याने गेली, हे योग्यच झाले. देवस्थान इनामे मात्र वेगळी राखली गेली, कारण त्यांच्यापाठीमागे निदान कागदोपत्री तरी ती जुनी ओळ होती.

आणि ती ओळ पुन्हा दुसऱ्या दाराने आत आली. १८८६ च्या प्राप्तिकर-कायद्यात दोन उत्पन्ने वगळलेली होती: शेतीचे, आणि धर्म व लोककल्याण यांस वाहिलेल्या मालमत्तेचे. दोन्ही माफ्या १९६१ च्या कायद्यात उतरल्या. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त-व्यवस्था कायद्याने धर्मादाय आयुक्ताची कचेरी आली. तेथे नोंद, प्रतिवर्षी तपासलेले हिशेब, आणि प्राप्तिकराच्या बाजूने अशी अट की संस्थेने आपल्या उत्पन्नातील निदान ८५ टक्के भाग ज्या उद्देशासाठी ती स्थापिली त्याच उद्देशावर खर्चावा. मला या ८५ टक्क्यांच्या अटीत नंदादीपाच्या तेलाचे माप दिसते. पूर्वी राजा म्हणे, गाव घे आणि दिवा लाव. आज सरकार म्हणते, कर ठेवून घे आणि शाळा चालव, दवाखाना चालव. दोन्हीकडे द्रव्य प्रजेचेच. सरकारच्या तिजोरीत जे आले नाही ते दुसऱ्या कोणाकडून तरी भरून निघाले आहे, आणि म्हणून अशा संस्थेचा हिशेब हा तिचा खासगी कागद असू शकत नाही. भोपणच्या कुणब्याचा जो हक्क त्या मशिदीच्या तेलावर होता, तोच हक्क आज प्रत्येक करदात्याचा अशा प्रत्येक संस्थेच्या वहीवर आहे.

दाभोळच्या धक्क्यावर उभे राहिले म्हणजे आजच्या माफीची रेषाही डोळ्यांना दिसते. मागे डोंगरउतारावर हापूसच्या बागा आहेत. त्यांचे उत्पन्न शेतीचे, म्हणून प्राप्तिकरातून मुक्त. तोच आंबा डब्यात रस होऊन भरला गेला की त्या कारखानदारीचा नफा शेती राहत नाही. पुढे धक्क्याला मासेमारीच्या होड्या लागलेल्या आहेत. त्यांतील सुरमई आणि कोळंबी ही प्राप्तिकराच्या दृष्टीने शेती नव्हे, म्हणून एकट्या मच्छीमाराचे उत्पन्न करास पात्र. परंतु तेच मच्छीमार सहकारी संस्थेत एकत्र आले तर मासेमारीच्या कामातून संस्थेस होणारा नफा वजावटीस पात्र ठरतो. यांत्रिक नौकेच्या डिझेलवर जो विक्रीकर भरला जातो त्याचा परतावा संस्थेमार्फत मिळतो, आणि धक्क्यावरच्या बोलण्यात आज जो शब्द वारंवार कानी पडतो तो 'जकात' नव्हे, 'परतावा' हा आहे. आधी भरावे आणि मग परत मिळण्याची वाट पाहावी. दस्तक हाती असलेला जुना नाखवा निदान आधी भरीत तरी नसे. समुद्रात जाळे टाकणाऱ्याचे श्रम भूमीत कलम लावणाऱ्याच्या श्रमांहून कोणत्या न्यायाने वेगळ्या जातीचे ठरतात, हे मला आजवर समाधानकारकपणे कोणी सांगितलेले नाही. शेतीची माफी रूढ झाली त्या काळी जमिनीवर सारा होता आणि एकाच उत्पन्नावर दोनदा कर नको हे त्यामागचे समर्थन होते; समर्थन क्षीण झाले, माफी राहिली. मासेमाराच्या बाजूने बोलणारा त्या मसुद्याच्या वेळी कोणी नसावा.

मशिदीपासून गावातून वर चढून गेले म्हणजे चंडिकादेवीचे स्थान लागते. डोंगराच्या पोटात कोरलेली ती गुहा आहे; आत विजेचा दिवा नाही. उंबऱ्याशी वाकून आत शिरावे, हाताने खडकाची ओली भिंत चाचपत पुढे जावे, आणि डोळे अंधारास सरावले म्हणजे समईच्या ज्योतीत देवीचे रूप हळूहळू उमटावे, असा तेथील अनुभव आहे. परवाच्या खेपेस मी गेलो तेव्हा समईची वात जळून काजळली होती. पुजाऱ्याने बोटाने काजळी झाडली, वात थोडी पुढे सारली, आणि कोनाड्यात ओळीने मांडलेल्या तेलाच्या लहान बाटल्यांतील एक उचलली. या बाटल्या दर्शनास येणारी माणसे आणून ठेवतात, कोणी दाभोळची, कोणी खाडीपलीकडून धोपाव्याच्या फेरीबोटीने आलेली. त्याने बाटलीवरची चिठ्ठी सोलून काढली, झाकण दातांनी उघडले, आणि तेलाची धार समईत सोडली.